सॉफ्ट ब्रशने दात खरंच स्वच्छ होतात का?

कोथरूडला राहणाऱ्या ३४ वर्षांच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थंड पाणी प्यायलं की त्यांचे डावीकडचे दात शिवशिवतात, ब्रश करताना अधूनमधून रक्त येतं. दुकानदार म्हणाला, "मीडियम न्या, सॉफ्टने काही निघत नाही." घरात ६३ वर्षांची आई आहे, तिला डायबेटिस आहे आणि सकाळी बोटं आखडलेली असतात. मुलगी सहा वर्षांची. तिघींसाठी कोणता ब्रश घ्यावा आणि इलेक्ट्रिक ब्रशवर पैसे घालावेत का, असं त्यांनी विचारलंय.

मी सदाशिव पेठेत २६ वर्षं दवाखाना चालवते. हिरड्यांचे विकार हा माझा विषय. आधी सरळ उत्तर देते, म्हणजे आज संध्याकाळीच दुकानात जायचं असेल तर जाता येईल. तिघींनाही सॉफ्ट ब्रश घ्या. डोकं लहान हवं, ब्रिसल्स म्हणजे ब्रशचे तंतू दाट आणि एका उंचीचे हवेत. तुमच्या दातांना आत्ता थंड लागतंय, तर तुमच्यापुरता पहिले तीनचार महिने एक्स्ट्रा सॉफ्ट घेतलात तरी चालेल. आईंच्या ब्रशचा दांडा जाड असू दे. मीडियम आणि हार्ड घरात आणूच नका. इलेक्ट्रिक घ्यायचा झाला तर तो पहिल्यांदा आईंसाठी घ्या. आता कारणं सांगते, कारण कारण कळलं नाही तर पुढच्या खेपेला दुकानदार पुन्हा मीडियमच हातात ठेवेल.

दुकानदाराचा काही दोष नाही. आपण सगळेच तसं समजत आलोय. आपल्या भाषेत दात 'घासतात', भांडीही 'घासतात' आणि फरशीही. आजीच्या काळात राखुंडी होती, त्याआधी कोळसा-मीठ, गोवरीची राख. तांब्याची कळशी चिंच लावून घासली की लख्ख होते, तसेच दात जोर लावला की स्वच्छ होतात, हे लहानपणापासून आपल्या हातात बसलेलं आहे. पण कळशीवरचा डाग आणि दातावरचा थर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दातावर जे रोज साठतं त्याला आम्ही प्लाक म्हणतो. रात्री ब्रश न करता झोपा आणि सकाळी उठल्यावर खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी, हिरडीला लागून, नखाने हलकेच खरवडा. नखावर पिवळट-पांढरं, लोण्यासारखं मऊ काहीतरी येईल. हाच प्लाक. जिवंत जंतू आणि त्यांचा चिकट पसारा. तो इतका मऊ असतो की सॉफ्ट ब्रशचा हलका हात पुरतो. नुसत्या चूळ भरण्याने मात्र जात नाही, कारण तो दाताला चिकटून असतो. हाच थर हलवला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे तो दोनतीन दिवसांतच टणक व्हायला लागतो आणि त्याचं कीटण होतं. आणि कीटण एकदा धरलं की ते कुठल्याच ब्रशने निघत नाही. मीडियमने नाही, हार्डने नाही, काथ्याने घासलं तरी नाही. त्याला दवाखान्यातच यावं लागतं. आता बघा, जे मऊ आहे ते सॉफ्ट ब्रश काढतो. जे टणक आहे ते हार्ड ब्रशलाही जमत नाही. मग हार्ड ब्रशला तोंडात काम काय उरलं? एकच उरतं, हिरडी आणि दात झिजवण्याचं.

दुसरी गोष्ट जागेची. आपण आरशात दाताचं पुढचं रुंद अंग बघतो आणि तेच चोळत बसतो. ते अंग जीभ, ओठ आणि अन्न यांच्या घर्षणाने बऱ्यापैकी साफ राहतंच. आजार सुरू होतो तो दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर. निरोगी हिरडीतही तिथे एक ते तीन मिलिमीटर खोल अशी बारीक फट असते. खिशाच्या काठासारखी. प्लाक तिथे दडतो. सॉफ्ट ब्रिसल हिरडीच्या कडेला तिरका टेकवला की वाकतो आणि टोकाने त्या फटीत थोडासा शिरतो. हार्ड ब्रिसल वाकतच नाही. तो कडेवर आदळतो, हिरडीला ओरखडे काढतो आणि फट तशीच राहते.

चार्ल्स बॅस नावाचे अमेरिकेतले एक डॉक्टर होते, न्यू ऑर्लिन्सचे. गंमत अशी की ते दंतवैद्य नव्हते, वैद्यकीय डॉक्टर होते. वैद्यकीय महाविद्यालयाचे डीन म्हणून काम केलेले. पण उतारवयात त्यांनी दातांचा ध्यास घेतला आणि ब्रश नेमका कसा असावा हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत बसले. १९४८ मध्ये त्यांनी मांडलं की ब्रिसल नायलॉनचे, सरळ एका उंचीचे, टोकाला गोल केलेले आणि ०.००७ इंच, म्हणजे साधारण ०.१८ मिलिमीटर जाडीचे असावेत. आज आपण ज्याला सॉफ्ट म्हणतो तो जवळपास हाच. पाऊणशे वर्षं झाली, आम्ही रुग्णांना शिकवतो ती हिरडीशी ४५ अंशांत ब्रश धरायची पद्धतही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नायलॉनच्या आधी ब्रश रानडुकराच्या केसांचे असत. १९३८ मध्ये अमेरिकेत नायलॉनचे ब्रिसल आले, पण सुरुवातीचे नायलॉन इतके ताठ होते की हिरड्या दुखायच्या. मऊ नायलॉन नंतर जमलं. मीडियम ब्रिसल साधारण ०.३ मिलिमीटरचा असतो. आकड्यात फरक किरकोळ वाटतो, पण तंतूची जाडी थोडी वाढली की ताठपणा कितीतरी पटींनी वाढतो. झाडूच्या हिराची आणि खराट्याच्या काडीची तुलना करून बघा.

आता तुमच्या डावीकडच्या दातांबद्दल. तुम्ही बहुधा उजव्या हाताने ब्रश करत असाल.

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त बँक अधिकारी आले होते. शिस्तीचे गृहस्थ, सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं ब्रश, आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. तक्रार तुमचीच: डावीकडे वर थंड लागतं. मी पहिल्या भेटीला प्रत्येकाला घरचा वापरातला ब्रश आणायला सांगते. त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला ब्रश काढला. मीडियम, आणलेला जेमतेम पाच आठवड्यांपूर्वी. ब्रिसल्स दोन्ही बाजूंना असे फाकलेले, की वरून बघितलं तर मधली पट्टी उघडी पडली होती. मग तोंडात बघितलं. डावीकडचा सुळा आणि त्यामागच्या दोन उपदाढा, तिन्हींच्या मुळाशी हिरडी दोन-तीन मिलिमीटर वर सरकलेली आणि तिथे दाताला आडवी खाच. कुऱ्हाडीचा घाव घातल्यावर लाकडाला पडते तशी. खाचेचा तळ गुळगुळीत, चकचकीत, पिवळसर. त्यांचंच नख त्यांना तिथे फिरवायला लावलं. नख खाचेत अडकलं आणि ते एकदम गप्प झाले. उजवीकडे मात्र खाच नावाला होती. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्याचा पहिला, ताजा, जोरकस हात डाव्या बाजूला पडतो आणि सुळा हा जबड्याच्या वळणावर पुढे आलेला दात असल्याने सगळ्यात जास्त मार तोच खातो. त्यांच्या तोंडात कीड एकही नव्हती. झीज होती ती काळजीपोटी केलेल्या घासण्याची, आणि ते सांगताना मला फार वाईट वाटलं.

असं का होतं, तर दाताच्या वरच्या भागावर इनॅमल असतं, शरीरातला सगळ्यात टणक पदार्थ. पण ते हिरडीकडे येताना पातळ होत होत संपतं. त्याखाली मुळावर जे आवरण असतं ते त्यामानाने फारच मऊ. हिरडी एकदा सरकली की हा मऊ भाग उघडा पडतो, आणि ब्रश व पेस्ट मिळून तो खरवडत राहतात. खाली डेंटिन, म्हणजे इनॅमलच्या आतला मऊ थर लागला की थंड पाण्याची सणक थेट आतल्या नसेपर्यंत जाते. सरकलेली हिरडी ब्रश बदलून परत खाली येत नाही. पण आहे तिथे थांबते, आणि शिवशिवणं बऱ्याचदा फक्त ब्रश आणि हात बदलल्याने महिनाभरात खूप कमी होतं. सोबत पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह पेस्ट लावा. तिला दोन ते चार आठवडे द्या, चार दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडू नका.

यात एक पुणेरी कारण हमखास सापडतं, म्हणून विचारते. सकाळी तळजाईला किंवा पर्वतीला जाऊन आल्यावर लिंबू-मध-पाणी पिता का? आणि त्यानंतर लगेच ब्रश? लिंबाच्या आम्लाने इनॅमलचा वरचा थर काही वेळ मऊ पडतो. त्या अवस्थेत ब्रश फिरवला की तो थर निघून जातो. आधी ब्रश करा, मग लिंबूपाणी प्या. किंवा प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरून अर्धा-पाऊण तास थांबा. कोकम सरबत, आवळा, चिंचेचं काही, थंड सोडा, सगळ्यालाच हे लागू. ज्यांना ॲसिडिटीने आंबट पाणी घशाशी येतं किंवा गरोदरपणात सकाळी उलट्या होतात त्यांनी तर उलटीनंतर लगेच ब्रश हातात घेऊच नये. चूळ भरावी.

रक्त येतं म्हटल्यावर बहुतेक लोक तेवढी जागा टाळून ब्रश करतात. कृपा करून असं करू नका. सॉफ्ट ब्रश वापरतानाही रक्त येत असेल तर ते ब्रशने जखम केल्याचं लक्षण बहुधा नसतं. तिथे प्लाक साठून हिरडी सुजली आहे, म्हणून जरा स्पर्श झाला की पाझरते. ती जागा टाळली की प्लाक वाढतो, सूज वाढते, रक्त वाढतं. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो या हिरड्यांच्या संशोधकांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना ब्रश करणं पूर्ण बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा सफाई सुरू केली आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. मला हा प्रयोग रुग्णांना सांगायला फार आवडतो, कारण त्यात आशा आहे. रक्त येतं ती जागा हलक्या हाताने, पण रोज, नीट झाडा. पहिले चार दिवस रक्त येईल. दहा-बारा दिवसांत थांबलं नाही तर आत कीटण आहे असं समजा आणि दाखवायला या.

आता दुकानात काय बघायचं ते. पाकिटावर 'सॉफ्ट' लिहिलेलं आहे का हे पहिलं. मात्र एका कंपनीचा सॉफ्ट दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टइतकाच मऊ असतो असं नाही, त्यामुळे घरी आणल्यावर कोरडाच मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून बघा. टोचला तर तो तुमच्या हिरडीलाही टोचेल. डोक्याची लांबी एक इंचाच्या आसपास असावी, रुंदी साधारण आठ ते नऊ मिलिमीटर. मोठं डोकं तोंडात पुढे चांगलं फिरतं, पण शेवटच्या दाढेच्या मागे, गालाच्या आणि दाढेच्या मध्ये, पोचत नाही. आणि माझ्याकडे येणाऱ्या खराब दाढांमध्ये शेवटच्या दाढांचा नंबर पहिला असतो. नागमोडी ब्रिसल्स, रबरी पाकळ्या, मागे जीभ साफ करायची खरबरीत पाठ, रंग बदलणारी पट्टी याला पैसे मोजू नका. त्याने नुकसान नाही, पण साधा सरळ ब्रश तेच काम करतो. पन्नास रुपयांच्या आतबाहेरचा ब्रश पुरेसा असतो. टोकाला निमुळते होत गेलेल्या ब्रिसल्सचे ब्रश सुजलेल्या हिरड्यांना सुखाचे वाटतात, हवे तर घ्या. कोळशाचा रंग दिलेले काळे ब्रश दिसायला वेगळे, कामाला तेच. कोळशाची पेस्ट मात्र रोज वापरू नका, खाचा पडलेल्या दातांना ती खरबरीत पडते.

ब्रश चांगला आणला आणि हात जुनाच राहिला तर काही उपयोग नाही. लाटणं धरतो तसा मुठीत ब्रश धरला की सगळ्या दंडाचा जोर त्यात उतरतो. पेन धरतो तसा तीन बोटांत धरा. जोर आपोआप निम्मा होतो. ब्रश हिरडीच्या रेषेवर तिरका टेकवा, अर्धे ब्रिसल्स दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर, आणि जागच्या जागी, एखाद-दुसऱ्या दाताच्या रुंदीत, थरथरवल्यासारखा हलवा. दहा-बारा वेळा, मग दाताच्या टोकाकडे झटकून पुढचे दोन दात. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरा. खालच्या पुढच्या दातांच्या आतली बाजू विसरू नका, जिभेखालच्या लाळग्रंथी तिथे उघडतात म्हणून कीटण सगळ्यात आधी तिथेच धरतं. सगळं मिळून दोन मिनिटं. दोन मिनिटं लोकांना वाटतात त्यापेक्षा बरीच लांब असतात, एकदा घड्याळ लावून बघा.

जोर किती, हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून मी एक घरगुती उपाय सांगते. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर तो ओट्यावर ठेवा, त्यावर ब्रशचे ब्रिसल्स टेकवा आणि रोज दातावर जेवढं दाबता तेवढं दाबा. १५० ग्रॅमच्या आसपास दिसलं पाहिजे. एका मध्यम संत्र्याएवढं. ते बँकेचे गृहस्थ दवाखान्यातून घरी गेल्यावर करून बघणार होते. संध्याकाळी त्यांचा फोन आला, काटा ४८० दाखवत होता.

रात्रीचा ब्रश सकाळच्यापेक्षा महत्त्वाचा आहे. झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, ब्रशभर नाही. शेवटी थुंकून टाका आणि खळखळून चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहील. आपल्याकडे चार-पाच चुळा भरल्याशिवाय तोंड साफ झाल्यासारखं वाटत नाही, मला कल्पना आहे. आठवडाभर करून बघा, सवय होते.

आता आई. डायबेटिस आणि हिरड्या यांचं नातं दोन्हीकडून आहे. साखर वाढली की हिरड्यांचा आजार वेगाने वाढतो, आणि हिरड्यांत पू-सूज राहिली की साखर आटोक्यात आणणं अवघड जातं. म्हणून त्यांच्या बाबतीत ब्रशची निवड ही सौंदर्याची बाब नाही, उपचाराचा भाग आहे. बोटं आखडत असतील तर बारीक दांड्याचा ब्रश त्यांना नीट धरता येणार नाही. सायकलच्या दुकानातून हँडलची रबरी मूठ आणा आणि ब्रशच्या दांड्यावर चढवा. नाहीतर जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळून वर रबरबँड लावा, रोज धुऊन वाळवा. माझ्या कितीतरी आजींचं काम या मुठीवर चालतं.

आणि इथेच इलेक्ट्रिक ब्रशचा प्रश्न येतो. २०१४ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तोपर्यंतच्या चाचण्या एकत्र करून बघितल्या. तीन महिन्यांहून जास्त वापर केल्यावर इलेक्ट्रिक ब्रशने साध्या ब्रशपेक्षा प्लाक २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के जास्त कमी झालेली दिसली. फायदा खरा आहे, पण हात चांगला असलेल्या माणसाला त्यासाठी दोन-तीन हजार घालावेतच असं मी म्हणणार नाही. ज्यांचे हात साथ देत नाहीत, अर्धांगवायू झालाय, दुसऱ्या कुणाला त्यांचे दात साफ करून द्यावे लागतात, त्यांच्यासाठी मात्र मी तो आग्रहाने सांगते. घेताना रिचार्जेबल घ्या, डोकं लहान आणि सॉफ्ट, जास्त दाबलं की दिवा लागणारा किंवा थांबणारा. बदलायची डोकी पुण्यात सहज मिळतात का आणि किती रुपयांना, हे आधी विचारा. यंत्र घेऊन मग दोन वर्षं एकच फाकलेलं डोकं वापरणारे लोक मी बघितलेत. आणि तो हातात आल्यावर घासायचं नाही. दातावर नुसता टेकवायचा, काम तो करतो.

आईंच्या दातांमध्ये फटी पडल्या असतील तर तुम्हाला एक वस्तू आणखी लागेल, आणि माझ्या मते ती इलेक्ट्रिक ब्रशपेक्षाही महत्त्वाची आहे. इंटरडेंटल ब्रश. बाटली धुवायच्या ब्रशचं अगदी बारीक रूप. दोन दातांच्या मधल्या भिंतींवर कुठलाच टूथब्रश पोचत नाही आणि हिरड्यांचा आजार नेमका तिथूनच खोल जातो. हे वेगवेगळ्या जाडीचे मिळतात. फटीत अडखळत, पण जोर न लावता गेला पाहिजे; सैल गेला तर एक माप मोठा, तार वाकली तर एक माप लहान. एकाच तोंडात दोन मापं लागू शकतात, म्हणून पहिल्यांदा दंतवैद्याकडून माप ठरवून घ्या. रात्री एकदा पुरतं. तुमच्या दातांत फटी नसतील तर तुम्हाला फ्लॉस, म्हणजे दोन दातांमधून फिरवायचा बारीक दोरा. लाकडी टूथपिकने कोरू नका, आणि पिनेने तर नाहीच. कवळी असेल तर तिला वेगळा ब्रश आणि साधा साबण. टूथपेस्टने कवळीला ओरखडे पडतात. धुताना खाली पाणी भरलेलं टमरेल ठेवा, हातातून निसटली तर फुटणार नाही.

आईंना मिश्री लावायची सवय असेल तर मला स्पष्ट बोलू द्या. सिंहगड रस्त्याच्या पलीकडच्या गावांतून, मुळशी-वेल्ह्याकडून येणाऱ्या कितीतरी बायका मला सांगतात, "डॉक्टर, ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, दंतमंजन नव्हे. ती हिरडी खाली ढकलते आणि तिने तोंडाचा कॅन्सर होतो. पोटासाठी गरम पाणी, इसबगोल, डॉक्टरांचा सल्ला असे शंभर मार्ग आहेत. सवय एकदम तुटत नसेल तर निदान दाखवायला घेऊन या, आम्ही ओरडत नाही.

मुलीबद्दल. सहा वर्षांच्या मुलाचा हात अजून तयार झालेला नसतो. ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधता येत नाही त्याला ब्रशही नीट जमत नाही. तिला करू द्या, पण रात्री तुम्ही स्वतः तिच्या मागे उभं राहून, तिचं डोकं तुमच्या अंगावर टेकवून, एकदा फिरवा. सात-आठ वर्षांची होईपर्यंत. लहान मुलांचा सॉफ्ट ब्रश, डोकं तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढं. आणि आत्ता, याच वयात, दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता येते, त्यामुळे आईवडिलांना ती दुधाचीच वाटते आणि "पडणारच आहे" म्हणून दुर्लक्ष होतं. ती कायमची आहे. अर्धवट वर आलेली असताना ती शेजारच्या दाढांपेक्षा खाली असते आणि ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून त्या एका दाढेवर मुद्दाम फिरवा.

ब्रश तीन ते चार महिन्यांनी बदला, ब्रिसल्स फाकले तर त्याआधी. तो महिन्याभरातच फाकत असेल तर ब्रश बदलण्याआधी हात बदला. टोपी घालून ओला ब्रश ठेवू नका. उभा ठेवा, तिघींचे ब्रश एकमेकांना चिकटणार नाहीत असे, आणि कमोडपासून लांब. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या बाथरूममध्ये काहीच वाळत नाही, तेव्हा सकाळचा एक आणि रात्रीचा एक असे दोन ब्रश ठेवलेले बरे.

आणि एकदा तपासणी करून घ्या. रक्त येतंय, थंड लागतंय, घरात डायबेटिस आहे, एवढी कारणं पुरेत. स्केलिंगने, म्हणजे दवाखान्यात कीटण काढल्याने, दात हलायला लागतात ही भीती मनातून काढा. कीटणाखाली हाड आधीच गेलेलं असतं, कीटण निघाल्यावर ते फक्त कळतं. खासगी दवाखाना परवडत नसेल तर धनकवडीचं भारती विद्यापीठ, आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, पिंपरीचं डी. वाय. पाटील, या दंतमहाविद्यालयांत कमी खर्चात चांगलं काम होतं. वेळ जास्त लागतो, सकाळी लवकर जा. कुठेही गेलात तरी तिघींचे वापरातले ब्रश एका पिशवीत घालून बरोबर न्या, धुऊन, पण ब्रिसल्स सरळ न करता. आईंची गेल्या तीन महिन्यांची साखरेची तपासणीही सोबत ठेवा.